बटुकदांची पिशवी

भवानीपूरच्या आमच्या गल्लीत बटुक समाद्दार यांचा ब्राँझचा पुतळा बसवायचं ठरलं, तेव्हा ठराव मांडून झाल्याबरोबर पहिली टाळी माझ्या आईने वाजवली. बाकीचे अजून बाजूच्याचं तोंड बघत होते. आईने पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि सभेत ती सहसा मागच्या खुर्चीवर बसते. त्या दिवशी ती पहिल्या रांगेत बसली होती.

बटुकदा सिनेमात वगैरे कधी दिसले नाहीत. दिवसा ते एका औषधांच्या कंपनीत कारकून होते. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ते एकट्याने विनोदी कार्यक्रम करायचे; पूजेच्या मांडवात, कचेऱ्यांच्या संमेलनांत, कुणाच्या घरी बारसं असेल तर तिथेही. खांद्याला एक कापडी पिशवी असायची. कार्यक्रमाचं सगळं सामान तीत मावायचं. दक्षिण कोलकात्याबाहेर त्यांना फार कुणी ओळखत नसेल, पण आमच्या पाड्यात, म्हणजे आमची गल्ली आणि तिला लागून असलेल्या दोन-तीन गल्ल्यांत, त्यांच्या विनोदांवर हसला नाही असा माणूस नव्हता. तीन वर्षांपूर्वी ते गेले.

पाड्यातल्या मित्रसंघ या मंडळाचे सचिव तपनबाबू त्या सभेत म्हणाले, "पुतळा विकत आणल्यासारखा नको. बटुकदांनी प्रत्येक घराला हसवलंय. तर प्रत्येक घराने एक भांडं द्यावं. पितळ, कासं, जे असेल ते. सगळं वितळवून त्याचाच पुतळा करू." (पाड्यातलं हे सगळं बोलणं अर्थात बंगालीत होतं. मी ते मराठीत लिहिते आहे.)

माझं शिक्षण धातुशास्त्रातलं आणि नोकरी धातूंच्या तपासणीच्या प्रयोगशाळेतली. त्यामुळे सगळे माझ्याकडे वळले. "देवयानी आहेच आपल्याकडे," तपनबाबू म्हणाले. मला तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं असं वाटलं, पण टाळ्या सुरू झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर आई स्वयंपाकघरात चिंच आणि मीठ घेऊन तिचा तांब्या घासत होती. लग्नात तिच्या मामाने दिलेला, खालच्या बाजूला नावं कोरलेला. पोटाला एक पोचा होता.

"आई, हा द्यायचाय?"

"मग काय चमचा देऊ?"

"वितळवणार आहेत तो. घासतेस कशाला?"

"म्हणून काय कळकट द्यायचा?"

तिने तो धुऊन पुसला आणि खिडकीच्या उजेडात धरून बघितला. लाल-गुलाबी दिसत होता. या तांब्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझे वडील बँकेत अधिकारी होते. बदली होऊन ते कोलकात्याला आले, आणि इथेच, मी अकरा वर्षांची असताना, हृदयविकाराने गेले. बँकेने आईला त्यांच्या जागी कारकुनाची नोकरी दिली. सांगलीहून दोन्ही मामा आले. म्हणाले, बदली मागून घे, इथे तुझं कोण आहे? खरंच कुणी नव्हतं. आई बँकेत जायची, घरी यायची, दार लावून घ्यायची. पाड्यातले लोक वाईट नव्हते. ते आम्हाला बघून बाजूला व्हायचे, आवाज हळू करायचे. दुकानदार आईला आधी सामान द्यायचा आणि तिच्याकडे बघायचा नाही. दुःखात असलेल्या परक्या बाईशी काय बोलावं हे कुणालाच कळत नव्हतं.

अशा वेळी एका रविवारी बटुकदा आमच्या दारात भांडायला आले. आमच्या गच्चीतल्या साड्यांचं पाणी खाली त्यांच्या वाळत घातलेल्या वड्यांवर गळलं होतं. बंगाली घरात डाळीच्या वड्या उन्हात वाळवतात, आणि त्यांच्या बायकोने ती सगळी सकाळ त्या घालण्यात घालवली होती. बटुकदांनी दारातूनच सुरुवात केली. आईला निम्मं कळलं नाही. तिने हात करून त्यांना थांबवलं, आत गेली, आणि आमच्या घरी आल्या-गेल्याला देतात तसं तांब्यावर फुलपात्र पालथं घालून पाणी घेऊन आली.

"आधी पाणी घ्या," ती तिच्या मोडक्या बंगालीत म्हणाली, "मग भांडू."

बटुकदांनी पाणी घेतलं. सगळं. मग काही वेळ ते रिकाम्या फुलपात्राकडे बघत बसले आणि न भांडताच निघून गेले.

पुढच्या आठवड्यात ते परत आले, या वेळी बायकोला घेऊन. त्यांना परवानगी हवी होती, आणि आता ते आईला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत होते. "बौदी, तुम्हाला मी स्टेजवर घेऊ का?" आईला वाटलं, काही हळदीकुंकवासारखं बोलावणं असेल. मी समजावून सांगितलं. आईने आधी दोघांना पाणी दिलं. मग म्हणाली, "वाईट दाखवू नका म्हणजे झालं."

काली पूजेनंतरच्या कार्यक्रमात बटुकदांनी डोक्यावर गमछ्याचा पदर घेतला आणि 'मराठी बौदी' झाले. दारात जो भांडायला येईल त्याला बौदी आधी पाणी देते. पाणी घालून दूध विकणाऱ्या गवळ्याला देते. घरमालकाला देते. चोर येतो, त्यालाही देते, आणि विचारते, जेवलात का? चोर रडायला लागतो. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. तांब्या आमचाच होता. बटुकदांनी मागून नेला होता. आई पहिल्या रांगेत ताठ बसलेली. मला तिच्याकडे बघायची भीती वाटत होती.

अचानक ती उभी राहिली. "असं नाही! फुलपात्र पालथं घालायचं!"

सगळा मांडव तिच्याकडे बघायला लागला. बटुकदा पदर सावरून, अगदी तिच्याच आवाजात म्हणाले, "ऐकलंत? मी घरीसुद्धा अशीच असते." आणि मग आई हसली. वडील गेल्यावर पहिल्यांदा. खाली बसली तरी हसत होती. शेजारी बसलेल्या मिनतीमाशींनी (माशी म्हणजे बंगालीत मावशी) तिचा हात धरून ठेवला होता आणि त्याही हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाजारात मासेवाल्याने, आम्ही मासे घेत नसताना, आईला हाक मारली. "बौदी, भांडायचंय. पाणी आणलंत का?" आई म्हणाली, "घरी या, देते." एवढंच. पण दुःखी बाईशी काय बोलावं हे ज्यांना कळत नव्हतं, त्या सगळ्यांना विनोदातल्या बाईशी काय बोलावं हे माहीत झालं होतं. मुलं, रिक्षावाले, बँकेतले सहकारी, सगळेच बोलायला लागले. आईची बंगाली त्याच वर्षी सुधारली. बदलीचा अर्ज तिने केला नाही. मामांना तिने कळवलं की देवयानीची शाळा चांगली आहे. शाळा साधारणच होती.

बटुकदांनी तो कार्यक्रम पुढे वीसेक वर्षं केला. प्रत्येक वेळी तांब्या नेत आणि त्याच रात्री परत आणून देत, कारण आईची तशी अट होती. पोचा बेहाला भागातल्या एका कार्यक्रमात पडला. त्या रात्री त्यांनी दार वाजवून आधी पाणी मागितलं, मग पोचा दाखवला.

तर असा तो तांब्या. मित्रसंघाच्या खोलीत भांड्यांचा ढीग वाढत गेला. मिनतीमाशींनी त्यांच्या सासूबाईंची काशाची थाळी दिली. कुणी पितळी समया, कुणी घंटा, कुणी फुटबॉलचे जुने चषक. ढिगात एक प्रेशर कुकरही होता.

"हा कुणी दिला?" मी विचारलं.

"माझ्या सुनेने," तपनबाबू म्हणाले. "तिला नवा घ्यायचाय."

मी प्रत्येक प्रकारच्या भांड्याचे बारीक नमुने प्रयोगशाळेत नेऊन तपासले. निष्कर्ष मला आधीपासून ठाऊक होता तोच निघाला. काशात कथील इतकं जास्त असतं की त्याचं ओतीव काम ठोकर लागली तर तडकतं. पितळेतलं जस्त ओतताना उकळून धूर होतो आणि धातूत छिद्रं राहतात. भांड्यांच्या जुन्या झाळलेल्या सांध्यांमध्ये शिसं होतं. चषकांवर नुसता मुलामा होता, आत कसलातरी हलका मिश्रधातू. अशा ढिगातून माणसाच्या उंचीचा पुतळा ओतला तर तो पहिल्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात कुठेतरी उकलेल, आणि हात निखळून रस्त्यावर पडला तर एखाद्याचा जीव जाईल.

पुतळा करणारे सुबल पाल यांचा कारखाना हावड्याला आहे. मी त्यांच्याकडे गेले. मातीचा पुतळा तयार होता. बटुकदा घराबाहेरच्या ओट्यावर बसलेले, पाय सोडून, बाजूला पिशवी ठेवलेली. चेहरा इतका बरोबर होता की मी नमस्कार करायला हात उचलले आणि मग खाली केले.

पाल यांनी माझे आकडे बघितले आणि मान हलवली. "मी तपनबाबूंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भंगार नको. ते म्हणाले, भावना आहे. भावना मुशीत घालता येत नाही हो." मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "हे एक चालेल. शुद्ध तांबं आहे. कुणाचं?"

"आमचं."

"मग ते पुतळ्यात घालतो. आनंदाने."

मला खरंच आनंद झाला. परतीच्या बसमध्ये, पुलावरच्या गर्दीत उभी राहूनही मी मनात आईला ही बातमी कशी सांगायची याचाच विचार करत होते.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मिनतीची थाळी?"

"ती नाही चालणार."

"तपनबाबूंची समई?"

"नाही. आई, फक्त आपला चालेल. तांब्याचा आहे म्हणून."

"मग आपलाही नको."

मला वाटलं, तिला नीट कळलं नाही. मी पुन्हा समजावलं. ती मध्येच म्हणाली, "कळलं गं मला. तुझ्या शास्त्राचं बरोबरच असेल. पण सगळ्यांचं बाजूला काढून मराठी बाईचं तेवढं घेतलं, असं नको. मी या पाड्यात आले तेव्हा वेगळीच होते. वेगळी म्हणून लोक मला सांभाळून वागायचे. त्या माणसाने मला त्यातून बाहेर काढलं. आणि आता त्याच्याच पुतळ्यात मी पुन्हा एकटी वेगळी?"

"पण तुला त्यांचे आभार मानायचेत ना?"

"मानायचेत. या सगळ्यांबरोबर मानायचेत. एकटीने मानायचे असते तर तो जिवंत असतानाच मानले असते. तेव्हा तो मला मानू देत नव्हता. चेष्टाच करायचा."

तिने डोळे पुसले नाहीत; डोळे कोरडेच होते. पण तिने तांब्या उचलून कपाटात ठेवला आणि त्या रात्री ती जेवली नाही.

तपनबाबूंना मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मग ते हळूच म्हणाले, "लोकांना सांगायलाच हवं का? भांडी पालबाबूंच्या गोदामात राहतील. पुतळा उभा राहिला की प्रत्येकाला वाटेल, यात माझं आहे. कुणाचं काय बिघडलं?"

"मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही," मी म्हणाले.

"तुला कोण विचारणार?"

"मिनतीमाशी. पहिल्याच दिवशी."

ते हसले, कारण ते खरं होतं. पण सभा बोलावून सगळ्यांना नकार सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, आणि माझ्याही. त्यांनी मला थोडे दिवस मागितले.

मी पुन्हा हावड्याला गेले, खरं तर काही ठरवून नाही. पाल मातीच्या पुतळ्यावरून साचे घेत होते. पुतळा एकसंध ओतत नाहीत. डोकं, धड, हात, पाय असे भाग वेगवेगळे ओततात आणि मग जोडतात. प्रत्येक भागावर त्यांनी खडूने खुणा केल्या होत्या. मी त्या बघत फिरत होते, आणि पिशवीपाशी थांबले.

पिशवी ओट्यावर टेकलेली होती. हातात लटकत नव्हती. तिच्यावर कशाचाच भार नव्हता आणि तिचा कशालाच आधार नव्हता.

"ही वेगळी ओतणार?" मी विचारलं.

"हो. मग ओट्याला जोडणार."

"जोडली नाही, नुसती खालून बोल्टने बसवली तर?"

पाल यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला ही त्या भांड्यांची करायचीय."

"पितळ आणि कासं. मुलाम्याचं, स्टीलचं आणि शिशाचं काढून टाकून. कथील जास्त होईल, ते खाली आणायला वरून तांबं घालावं लागेल."

"ठिसूळ राहील थोडी."

"राहू दे. ती नुसती बसलेली आहे. जाड ओता. खाली रबराचा थर घाला, म्हणजे दोन धातू एकमेकांना लागणार नाहीत."

"रंग वेगळा दिसेल. पुतळा तपकिरी, पिशवी पिवळट."

"पालबाबू, बटुकदांची पिशवी पिवळीच होती."

त्यांनी मातीच्या पिशवीवर हात फिरवला. मग म्हणाले, "आधी एक छोटा तुकडा ओतून बघू. हातोडीने फुटला तर नाही म्हणेन. तेव्हा वाद घालायचा नाही." मी कबूल केलं. त्यांच्याकडे विजेच्या जुन्या मोटरींच्या गुंडाळ्यांतली तांब्याची तार होती. प्रमाण मी काढून दिलं. तुकडा ओतला, गार केला, त्यावर हातोडी मारली. कोपऱ्याला टवका उडाला, पण तुकडा फुटला नाही. पाल यांनी तो माझ्या हातात दिला. आत दोन-चार टाचणीएवढी छिद्रं दिसत होती. प्रयोगशाळेत मी असा नमुना नापास केला असता. मी तो पर्समध्ये ठेवला.

सभेत तपनबाबूंनी सगळं खरं सांगितलं. पुतळ्यात भांडी जाणार नाहीत, पिशवीत जातील. कुणीतरी कुरकुरलं की पिशवी म्हणजे काय, सामानच. मिनतीमाशी उभ्या राहिल्या; त्या बटुकदांना ठाकुरपो, म्हणजे भावजी, म्हणायच्या. "बटुकठाकुरपोंचं होतं काय दुसरं? पिशवी काढून घेतली असती तर तो माणूस औषधकंपनीतला कारकून राहिला असता." कुरकुर थांबली.

घरी येऊन आईने कपाटातून तांब्या काढला. मी तिला आधीच सांगून टाकलं की एवढ्या धातूत एका तांब्याने प्रमाणात काहीही फरक पडत नाही, तारेतलं तांबं पुरेसं आहे.

"बरं झालं," आई म्हणाली. "माझ्यावाचून अडतंय असं नको."

पिशवी ओतायच्या दिवशी पाड्यातल्या बायकांनी मिनीबस केली आणि सगळ्या हावड्याला आल्या. मी त्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दूर उभं केलं, तोंडाला रुमाल बांधायला लावले. जस्ताचा पांढरा धूर चांगला नसतो. भांडी आधी ठोकून चपटी करावी लागतात. मुशीत जास्त मावतात, आणि आत कुठे ओल राहिली तर स्फोट होऊ शकतो. पाल यांनी आईचा तांब्या ऐरणीवर ठेवला आणि हातोडी उचलली.

"थांब," आई म्हणाली.

ती जवळ गेली. तांब्या उलटा करून तिने कोरलेली नावं वाचली, तिचं आणि वडिलांचं. पोच्यावरून अंगठा फिरवला. मग तो परत ठेवला आणि स्वतः मागे सरकली.

"हं. मार आता."

मिनतीमाशींची थाळी त्याच्याच वर गेली. काही वेळाने मुशीत काय काय होतं ते सांगता आलं नसतं. पिवळ्या प्रकाशाचा एक गोळा होता, आणि पाल आणि त्यांचे कारागीर तो मुकाट्याने साच्यात ओतत होते. बायकांपैकी कुणीतरी उलू केला, बंगाली लग्नात बायका जीभ हलवून काढतात तो मंगल आवाज. मग सगळ्यांनीच केला. आईला तो अजूनही नीट जमत नाही, पण ती करत होती.

पुतळा थंडीच्या सुरुवातीला बसला. भाषणं झाली, फुलांचे हार झाले. कार्यक्रम संपल्यावर गर्दी पांगली आणि बायका पिशवीभोवती जमल्या. पिशवी उन्हात पिवळी दिसत होती, तिच्या घड्यांवर बारीक छिद्रं होती. मला ती दिसत होती, दुसऱ्या कुणाला दिसत असतील असं वाटत नाही. पिशवीच्या तोंडाच्या कडेवर मिनतीमाशींनी बोट ठेवलं.

"ही कड माझ्या थाळीची. बघ, कशी चकाकतेय. काशाचीच चकाकी."

"तुझी कशी?" आई म्हणाली. "लालसर झाक आहे तिला. तांब्या आहे तो माझा."

"तुझा खाली गेला असेल. आधी तोच टाकला होता."

"जड खाली जातं. कासं जड."

"देवयानी, सांग हिला," मिनतीमाशी म्हणाल्या. "तू शिकलेली आहेस."

दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या. बाकीच्याही. मी म्हणाले, "माशी, वितळल्यावर सगळं एकमेकांत मिसळतं. असा कोपरा कुणाचाच नसतो. पिशवीचा कुठलाही कण घेतला तर त्यात सगळ्यांचं थोडं थोडं निघेल."

आईने पिशवीवर हात ठेवला.

"म्हणजे सगळी पिशवीच माझी," ती म्हणाली.

"आणि माझी!" मिनतीमाशी ओरडल्या, आणि त्या दोघी पिशवीला टेकून, बटुकदांच्या शेजारी ओट्यावर बसून, पुन्हा पहिल्यापासून भांडायला लागल्या.